कारण आणि अपराधी

घरांतील एखादी वस्तु बिघडली म्हणजे दोन प्रश्न बहुधा एकदमच विचारले जातात: हें कशानें झालें, आणि हें कोणीं केलें? पहिला प्रश्न कारणाचा, दुसरा अपराध्याचा. दुसऱ्याचें उत्तर मिळालें कीं पहिल्याचेंहि मिळालें, अशी आपणां सर्वांची समजूत असते. ही समजूत तर्कदृष्ट्या चुकीची आहेच. पण ती नीतिदृष्ट्याहि घातक आहे, असें आम्हांस वाटतें. आजच्या संसारांतील एका साध्या प्रसंगावरून हें पाहतां येईल. तो प्रसंग म्हणजे घरच्या संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे त्याचा सर्व व्यवहार चालविणारी मूळ प्रणाली, बदलूं जातां तो मध्येंच बंद पडणें.

अशी कल्पना करूं कीं, पेण व रोहा यांच्या दरम्यान रेल्वेच्या मार्गावर असलेल्या कासू गांवीं एक सेवानिवृत्त शिक्षक राहतात. सात वर्षांचे हिशेब, घरच्या मंगलकार्यांचीं छायाचित्रें आणि स्वतःच्या आठवणींचें अर्धवट लिहिलेलें पुस्तक, सर्व कांहीं त्यांच्या संगणकांत आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज १० या प्रणालीस सर्वसाधारणपणें मिळणाऱ्या सुरक्षाविषयक दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविल्या. म्हणून सुटींत आलेली नात 'आजोबा, मी नवी प्रणाली घालून देतें' असें म्हणून कामास लागते. यंत्र दोन-तीनदां बंद होऊन सुरू होतें आणि मग पडदा काळा पडतो तो पडतोच. 'तूं हात लावलास आणि गेला!' असे उद्गार आजोबांच्या तोंडून निघतात, आणि तेथेंच निकाल लागतो.

कावळा बसला आणि फांदी मोडली, या जातीचा हा निकाल आहे. कार्यकारणसंबंध ठरविण्यास नैयायिकांनीं अन्वय आणि व्यतिरेक अशा दोन कसोट्या सांगितल्या आहेत: एक गोष्ट असतां दुसरी असते काय, आणि ती नसतां दुसरीहि नसते काय. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यानेंहि १८४३ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथांत याच धर्तीच्या पद्धति मांडल्या. बिघडलेल्या संगणकापुढें बसणाऱ्यास याहून निराळें साधन नाहीं. डिस्कवर पुरेशी जागा होती काय, तें पाहावें. जोडलेला प्रिंटर काढून पाहावा. एखाद्या जुन्या उपकरणाचा ड्रायव्हर नव्या प्रणालीशीं जुळत नसेल, तर तो दूर करावा. डिस्कच झिजली आहे काय, हें तपासावें. ऐन वेळीं वीज गेली होती काय, हेंहि विचारावें. मात्र एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर यंत्र चालूं झालें तरी ज्ञान कांहींच होत नाहीं.

परंतु या चौकशीस साक्षीदार लागतो, आणि येथें साक्षीदार एकच आहे: ती नात. पडद्यावर कोणता संदेश आला, किती टक्क्यांवर काम थांबलें, मध्यंतरीं कोणतें बटण दाबलें गेलें, हें तिच्यावांचून कोणास ठाऊक नाहीं. जिला आधींच अपराधी ठरविलें, ती थोडें सांगेल आणि बाकीचें लपवील. किंवा झालें तें लवकर निस्तरावें म्हणून डिस्कवरील सर्व पुसून टाकून प्रणाली नव्यानें घालील. खरा नाश होतो तो येथें. प्रणाली बदलण्याचा प्रयत्न फसला, तरी कागदपत्रें बहुधा डिस्कवर शाबूत असतात. पेनड्राइव्हवरून लिनक्ससारखी दुसरी प्रणाली चालवून तीं आधीं बाहेर काढतां येतात. डिस्कला सांकेतिक कुलूप असेल, तर त्याची ४८ अंकी किल्ली मात्र हातीं असावी लागते. पेण तालुक्याच्या खाडीकांठीं खारबंदिस्तीला खांड पडली, तर शहाणा शेतकरी आधीं भरतीचें पाणी अडवितो. बांध कोणाच्या हयगयीनें फुटला, याचा विचार मागाहून करतो.

मग जबाबदारी कोणावरच नाहीं काय? असें आमचें म्हणणें नाहीं. जबाबदारी ज्ञान आणि सामर्थ्य यांच्या प्रमाणांत वांटली जावी, एवढेंच आम्ही म्हणतों. २ ऑक्टोबर २०१८ रोजीं मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० ची एक सुधारित आवृत्ति प्रसृत केली, आणि तिच्यामुळें कांहीं लोकांचीं कागदपत्रें नाहींशीं झालीं. चाचणी घेणाऱ्यांपैकीं कांहींनीं तसा अनुभव आधींच कळविला होता. परंतु त्याकडे पुरेसें लक्ष गेलें नव्हतें. कंपनीनें थोड्याच दिवसांत वितरण थांबविलें आणि दोष काढून १३ नोव्हेंबरला तें पुन्हां सुरू केलें. ज्यांचीं कागदपत्रें गेलीं, त्यांनीं कंपनीनेंच पुढें केलेली सुधारणा स्वीकारली होती. त्यांना अपराधी कोण म्हणेल? घराचीहि एक जबाबदारी उरतेच: मोलाच्या कागदांची दुसरी प्रत अन्यत्र ठेवणें. पण सात वर्षें ती कोणीच ठेवली नसेल, तर ती हयगय साऱ्या घराची आहे. शेवटचें बटण जिच्या हातून दाबलें गेलें, तिच्या एकटीच्या माथीं ती मारणें हा न्याय नव्हे. विशेषतः आजोबांचें लेखन सुरक्षित राहावें, हाच तिचा हेतु असतां.

म्हणून अशा वेळीं वडील माणसानें प्रथम विचारावें तें 'तूं काय केलेंस?' असें नव्हे, तर 'तुला काय दिसलें?' असें. पहिल्या प्रश्नास बहुधा सबब मिळते. दुसऱ्यास हकीकत मिळण्याचा संभव अधिक. संगणक दुरुस्त होईल वा न होईल. पण पुढील खेपेस घरांत कांहीं बिघडलें, तर तें आपण होऊन सांगावें, असें त्या मुलीला वाटलें पाहिजे.