बिघाडाला वाट काढून देताना

मिरजेत उपचारांना आलेल्या बाहेरगावच्या रुग्णाच्या फाईलमध्ये एमआरआयचा रिपोर्ट हमखास सापडतो. ज्या खोलीत ते यंत्र असते, तिथून एक जाड नळी थेट इमारतीबाहेर काढलेली असते. रोजच्या कामात तिचा काडीचा उपयोग नाही. आतल्या अतिवाहक चुंबकाची अतिवाहकता अचानक गेली, म्हणजे तो ‘क्वेंच’ झाला, तर उकळून निघालेला हेलियम माणसांत न पसरता बाहेर जावा, एवढ्यासाठीच ती नळी. द्रव हेलियम वायू होऊन खोलीच्या तापमानाला आला की सुमारे 700 पट फुगतो. यंत्र बसवतानाच त्याच्या बिघाडाची सोय करून ठेवण्याचे हे शहाणपण यायला बराच काळ जावा लागला.

1911 मध्ये लायडनला कॅमरलिंग ओनेस यांना अतिवाहकता सापडली. विरोधच नाही, तर हवा तेवढा प्रवाह सोडून प्रचंड चुंबक करता येईल, असे त्यांना वाटले. पण शिशाच्या गुंडाळीने अगदी कमी क्षेत्रातच हात टेकले. तीव्र क्षेत्रात टिकणारे निओबियम-टिन 1961 मध्ये हाती आले, तेव्हा नवेच कोडे उभे राहिले: सुटा तुकडा जेवढा प्रवाह वाहून नेई, तेवढा त्याच तारेची गुंडाळी नेत नसे.

पहिले उत्तर होते तांबे. अतिवाहकाभोवती भरपूर तांबे घाला. तो क्षणभर ढेपाळला तरी प्रवाह तांब्यातून जाईल आणि हेलियम त्याला पुन्हा थंड करील. पण कणांना वेग देणाऱ्या त्वरकाच्या चुंबकात एवढ्या तांब्याला जागा कुठली? मग इंग्लंडच्या रदरफर्ड प्रयोगशाळेने केसाहून बारीक तंतू पीळ देऊन तांब्यात बसवले. बरेचसे क्वेंच थांबले, सगळे नाही. चुंबकीय बलाने तार किंचित सरकली, तरी घर्षणाची ऊब पुरते. कारण इतक्या थंडीत पदार्थाची उष्णता सामावण्याची ताकद नगण्य असते. गंमत म्हणजे प्रत्येक क्वेंचनंतर गुंडाळी जरा घट्ट बसते आणि पुढच्या वेळी अधिक प्रवाह सोसते. याला ‘ट्रेनिंग’ म्हणतात. 1983 मध्ये अमेरिकेत टेव्हॅट्रॉन हा त्वरक सुरू झाला, तोवर क्वेंच होणारच हे गृहीत धरूनच आराखडे होऊ लागले होते.

जिनिव्हाजवळच्या एलएचसी या त्वरकात असे 1232 मुख्य चुंबक आहेत. त्यांत सुमारे 11,850 अँपिअर प्रवाहाला एकेकात जवळपास 7 मेगाज्यूल ऊर्जा साठते. 11 किलो तांबे वितळवायला ती पुरेल. ती एकाच बिंदूवर उतरली तर गुंडाळी जळणार. म्हणून 100 मिलिव्होल्टचा फरक 10 मिलिसेकंद टिकला, की यंत्रणा उलटेच करते: गुंडाळीला लागून असलेल्या पट्ट्या तापवून आणखी बराच भाग मुद्दाम क्वेंच करते. उष्णता सगळ्यांत वाटली गेली की कुणावरच बेतत नाही. या पट्ट्यांना वीज देणारे सुमारे 5500 संच भारताने पुरवले. त्याच ओळीतल्या बाकीच्या चुंबकांचा प्रवाह मात्र एकदम थांबवता येत नाही; तो डायोडमधून बगल देऊन नेतात आणि सावकाश उतरवतात. कोयनेच्या बोगद्यातले पाणी टर्बाइन अचानक बंद पडल्यावर उल्लोळ विहिरीत चढते, तसेच हे.

19 सप्टेंबर 2008 ला एलएचसीच्या बोगद्यात घात केला तो गुंडाळीने नव्हे, तर दोन चुंबकांमधल्या सदोष जोडाने. तो जोड उघडला, विजेचा लोळ उठला, सुमारे 6 टन हेलियम वाया गेला आणि 53 चुंबक वर काढावे लागले. पहारा चुंबकावर होता, तसा सांध्यावर नव्हता. मग प्रत्येक जोडावर नजर ठेवणारी यंत्रणा आली.

एलएचसीचा आराखडा प्रत्येक झोताला 7 टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट देण्याचा. 2022 पासून ते यंत्र 6.8 वर चालले. वरची प्रत्येक पायरी आणखी क्वेंच मागते, आणि दर क्वेंचनंतर थंड होण्यात तास जातात. क्वेंच आता अपयशाच्या नव्हे, खर्चाच्या खात्यात मांडतात. त्यातला सर्वांत बोचरा आकडा विसरण्याचा असतो: चुंबक खोलीच्या तापमानाला आणून पुन्हा थंड केला, की शिकलेले थोडेफार विसरतो आणि काही धडे पुन्हा गिरवावे लागतात. निओबियम-टिनचे नवे त्वरक-चुंबक तपासतानाही कमाल क्षेत्राच्या जोडीला हाच प्रश्न विचारला जातो: शिकलेले यातले किती टिकेल?