नाबाद ४५१ आणि त्यानंतर

डिसेंबर २०११. एकोणीस वर्षांखालील मुलांच्या कूचबिहार करंडकात महाराष्ट्राचा सामना आसामशी होता. जालन्याचा एक डावखुरा फलंदाज क्रीझवर आला आणि ४६७ चेंडू खेळून नाबाद ४५१ धावा करूनच परतला. विजय झोल. वकिलाच्या घरातला हा मुलगा, महिन्याभरापूर्वीच त्याला सतरावं संपलेलं. दुसऱ्या दिवशी देशभरातल्या वर्तमानपत्रांत जालन्याचं नाव क्रीडापानावर होतं. एरवी ते छापून यायचं लोखंडाच्या सळया, बियाणं, मोसंबी किंवा टंचाईच्या निमित्ताने.

डॉन ब्रॅडमनची सर्वोच्च खेळी नाबाद ४५२ धावांची. ती १९३० साली सिडनीत क्वीन्सलँडविरुद्ध झाली. भारतीय फलंदाजाची प्रथम श्रेणीतली सर्वोच्च खेळी नाबाद ४४३, ती भाऊसाहेब निंबाळकरांची, १९४८ साली पुण्यात. झोलचा आकडा या दोघांच्या मधला. वयोगटातला सामना प्रथम श्रेणीत धरला जात नाही, म्हणून मोठ्या विक्रमांच्या यादीत तो कधीच दिसणार नाही. पण साडेचारशे धावा करायला लागणारं पायांतलं बळ आणि डोक्यातला थंडपणा यादी बघून येत नाही.

पुढची सव्वादोन वर्षं भराभर गेली. २०१२च्या ऑगस्टमध्ये टाउन्सव्हिलला उन्मुक्त चंदच्या नेतृत्वाखाली भारताने ऑस्ट्रेलियाला हरवून एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकला, त्या संघात झोल होता. २०१३मध्ये तो स्वतःच कर्णधार झाला आणि डार्विनची तिरंगी मालिका जिंकून आला. त्याच मोसमात रणजी पदार्पणात त्रिपुराविरुद्ध नाबाद २००. जानेवारी २०१४मध्ये शारजात युवा आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध त्याने आणि संजू सॅमसनने शतकं ठोकली, चषक भारताकडे आला. पुढच्याच महिन्यात अमिरातीतल्या विश्वचषकात मात्र उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंडने हरवलं. त्या संघातले सॅमसन, श्रेयस अय्यर, कुलदीप यादव, सर्फराज खान, दीपक हुडा आणि आवेश खान पुढे भारताकडून खेळले. कर्णधार खेळला नाही.

इथे गावोगावच्या पारावरचा निकाल ठरलेला असतो: ‘पुढे काही झालं नाही त्याचं.’ हा निकाल मला मान्य नाही, आणि हा लेख त्यासाठीच लिहिला आहे.

एकट्या झोलचं नाही, त्याच्या आधीच्या दोघांचंही बघा. २०१०चा युवा कर्णधार अशोक मेनारिया, २०१२चा उन्मुक्त चंद, २०१४चा झोल. सलग तीन युवा विश्वचषकांचे कर्णधार आणि तिघांपैकी एकाच्याही अंगावर वरिष्ठ संघाची टोपी नाही. २००८चा विराट कोहली सगळ्यांच्या डोळ्यांपुढे असतो, म्हणून पुढच्या प्रत्येक पोराकडून त्याच पल्ल्याची अपेक्षा होते. खरं तर सतराव्या-अठराव्या वर्षी शरीर कोणाचं लवकर भरतं, कोणाचं उशिरा. वयोगटात जो गोलंदाज वेगवान वाटतो, त्याच्या वेगाचे चार-पाच जण रणजीत दर आठवड्याला भेटतात, आणि ते तीन मोसम तुमचाच अभ्यास करून आलेले असतात. शिवाय एवढ्या मोठ्या देशात वरच्या फळीच्या जागा पाच-सहाच, आणि एकेक फलंदाज ती जागा दहा-दहा वर्षं सोडत नाही. इथे कर्तृत्वाबरोबर वेळ जुळून यावी लागते. ती जुळली नाही, तर तो दोष पोराच्या माथी मारणं हा अन्याय आहे.

निंबाळकरांना तरी आपण काय दिलं? काठियावाडविरुद्ध ते ४४३वर नाबाद होते, ब्रॅडमनला मागे टाकायला दहा धावा हव्या होत्या, आणि काठियावाडच्या कर्णधाराने, राजकोटच्या ठाकूरसाहेबांनी, सामनाच सोडून दिला. आपल्या संघाच्या नावावर असा विक्रम लागू नये, ही त्यांची भीती. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा झाल्या होत्या. कमल भांडारकरांबरोबर निंबाळकरांनी ४५५ धावांची भागी केली होती. या माणसाला अधिकृत कसोटी एकही मिळाली नाही. प्रथम श्रेणीत त्यांनी ४८४१ धावा केल्या, सरासरी जवळजवळ अठ्ठेचाळीस. २०१२च्या डिसेंबरात, वयाची त्र्याण्णव वर्षं पुरी व्हायच्या आदल्या दिवशी ते गेले. निंबाळकर ‘वाया गेले’ असं म्हणायची कोणाची छाती आहे? मग तोच न्याय आपल्या काळातल्या पोराला का नाही?

जालन्यातून पुण्याच्या मैदानापर्यंत पोचणं म्हणजे काय, हे मराठवाड्याबाहेरच्या वाचकाला चटकन कळणार नाही. १९८१च्या १ मे रोजी औरंगाबादमधून वेगळा झालेला, आठ तालुक्यांचा हा जिल्हा. महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचा कारभार, मोठे सामने, निवड चाचण्या, सगळं पुण्यात. म्हणजे तीनशे किलोमीटरच्या घरात. लहान गावांत क्रिकेट बहुधा मॅटिंगवर चालतं. सकाळी दोघं-तिघं पोरं मॅटची जड गुंडाळी खांद्यावरून आणतात, सिमेंटच्या पट्टीवर किंवा दाबलेल्या मुरमावर अंथरतात, दोन्ही टोकांना ओढून ताणतात आणि कडेने खिळे ठोकतात. एखादा खिळा सैल राहिला की तिथे सुरकुती पडते आणि टप्पा नेमका तिच्यावर पडला तर चेंडू हनुवटीवर येतो. एरवी उसळी सरळ आणि उंच. पुण्याच्या मातीच्या खेळपट्टीवर हाच फलंदाज उभा राहिला की चेंडू खाली राहतो, थांबून येतो, तिसऱ्या दिवशी फिरायला लागतो. पायांची सगळी सवय मोडून नवी लावावी लागते, आणि समोरची पुण्या-मुंबईची मुलं त्यावर दहाव्या वर्षापासून खेळत आलेली असतात.

ब्रॅडमनही असाच वाढला. बाउरल या छोट्या गावात काँक्रीटवर काथ्याची मॅट अंथरून तो खेळला, आणि मातीची खेळपट्टी त्याच्या पायाखाली आली ती १९२६मध्ये, सिडनीला चाचणीसाठी बोलावल्यावर. फरक एवढाच की सिडनीत तेव्हा ‘कंट्री वीक’ भरायचा, खेड्यापाड्यांतले संघ शहरात येऊन खेळायचे आणि निवडकर्ते बघायचे. गुणी पोरगं शोधायला शहराने स्वतः खर्च करून दार उघडलेलं होतं.

मातीची खेळपट्टी मागितली की आपल्याकडे पहिला प्रश्न पाण्याचा येतो, आणि तो रास्त आहे. २०१२-१३च्या दुष्काळात जालना टँकरवर जगत होतं. २०१६मध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, आणि उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला लावले. मला तो निर्णय तेव्हाही योग्य वाटला होता. पण जरा हिशेब मांडा. खेळपट्टी असते २२ यार्ड लांब आणि दहा फूट रुंद, म्हणजे ६६० चौरस फूट. पाणी खरं पितं ते आजूबाजूचं हिरवं मैदान. जिल्ह्याच्या गावात मैदान हिरवं नसलं तरी चालेल, चांगल्या मातीच्या दोन पट्ट्या पावसाळ्यानंतर तयार करून ऑक्टोबर ते फेब्रुवारी राखल्या तरी पोरांचा मोसम साधतो. त्याला लागतं ते थोडं पाणी, रोलर, आणि रोज पहाटे येऊन माती चाचपणारा पगारी माणूस. हा शेवटचा माणूसच आपल्याकडे कोणी नेमत नाही.

तरीही मराठवाड्यातून पोरं येतच राहिली. औरंगाबादचा इक्बाल सिद्दीकी २००१मध्ये मोहालीला इंग्लंडविरुद्ध कसोटी खेळला, एकच. पैठणच्या अंकित बावणेने २०१६मध्ये दिल्लीविरुद्ध स्वप्निल गुगळेबरोबर ५९४ धावांची अभेद्य भागीदारी केली. तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर २०२२च्या युवा विश्वविजेत्या संघात होता. बीडच्या सचिन धसने २०२४च्या युवा विश्वचषकात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध उपांत्य सामन्यात ९६ धावा काढून हातातून गेलेला सामना ओढून आणला. एवढी नावं एका कोरड्या पट्ट्यातून योगायोगाने येत नाहीत. प्रत्येकाच्या मागे एखादा हट्टी बाप, एखादा फुकट शिकवणारा सर, एखादी उसनवारी आहे. व्यवस्था मात्र फारशी नाही.

ऑस्ट्रेलियाकडे मी या लेखात पुन्हा पुन्हा वळतो आहे, त्याला कारण आहे. तिथे हिवाळ्यात ज्या लंबगोल मैदानावर ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल चालतो, त्याच मैदानावर उन्हाळ्यात क्रिकेट चालतं. तो फुटबॉल जन्मलाच क्रिकेटमुळे. १८५८मध्ये मेलबर्नच्या टॉम विल्स या क्रिकेटपटूने पत्र लिहून सुचवलं की हिवाळ्यात खेळाडूंना तंदुरुस्त ठेवायला काहीतरी खेळ हवा, आणि पुढच्या वर्षी नियम ठरले. या खेळात सर्वाधिक, १३६० गोल करणारा टोनी लॉकेट बॅलरॅटचा, म्हणजे सोन्याच्या खाणींनी वसवलेल्या गावचा. तिथल्या गावागावांत क्लब असतो, गावकरीच तो चालवतात, गवत कापतात, चहाचा स्टॉल लावतात, भिंतीवर वर्षवार कर्णधारांची आणि सर्वोत्तम खेळाडूंची नावं रंगवून ठेवतात. चॅम्पियन मोठ्या शहरात जातो, क्लब गावातच राहतो. आपल्याकडे चॅम्पियन गेला की मागे काहीच उरत नाही, म्हणून सगळं ओझं त्या एका पोराच्या बॅटवर पडतं: त्याने भारताकडून खेळावं, नाहीतर सगळं फुकट.

झोलने त्याच्या वाट्याचं केलं. सतराव्या वर्षी ४५१, अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी देशाचं कर्णधारपद, एक आशिया चषक, रणजीत पहिल्याच डावात द्विशतक. चॅम्पियन म्हणायला एवढं पुरे आहे. बाकी जे झालं नाही, त्यातलं बरंच काम जिल्ह्याचं होतं आणि ते अजून तसंच पडून आहे.

या दिवाळीत जालन्याच्या पोलाद कारखानदारांना, बियाणं कंपन्यांना आणि पुण्या-मुंबईत स्थिरावलेल्या जालनेकरांना एक मागणं आहे. स्पर्धेच्या चषकांना आणि फ्लेक्सना पैसे देऊ नका. एका खेळपट्टीची माती, एक रोलर आणि एका माणसाचा वर्षाचा पगार द्या, आणि पाच वर्षं तो थांबवू नका.