वारा लागू न देता

चाणक्यपुरीनजीक रिजच्या झाडीत मालचा महाल नावाची एक पडकी दगडी वास्तू आहे. फिरोजशाह तुघलकाचे, म्हणजे चौदाव्या शतकातील, हे शिकारगृह. १९७२ च्या कायद्याने वन्य पशूंना संरक्षण दिले आणि काळविटाची शिकार गुन्हा ठरली. तरी त्या भिंतींशी उभे राहिले की शिकारीतील एक जुनी युक्ती आमच्या मनात घोळू लागते.

हरणाचे नाक फार तिखट. म्हणून शिकारी चिमूटभर धूळ सोडून वाऱ्याचा रोख पाहतो आणि वारा सावजाकडून आपल्याकडे येईल अशाच बाजूने पुढे सरकतो. अंगचा वास झाकण्यासाठी माती, शेण, पाला यांचा आश्रय घेतो. मोगलकाळी शिकारी चित्ते बैलगाडीतून नेत. शेतकऱ्याच्या गाडीची काळविटाला सवय असे. आपल्याकडील पारधीही गाईबैलांच्या आडोशाने जात. मराठीने तर हे शास्त्र भाषेतच मुरविले आहे. बेत लपविणारा त्याचा वारा लागू देत नाही.

यात अधर्म तो कोणता? वाघही दबा धरूनच येतो, आणि पारध्याच्या पोटाला भूक होती. परंतु आडून बाण का मारलास, असा जाब वालीने विचारला, तेव्हा वाल्मीकींच्या रामाने दिलेल्या उत्तरांत एक असे आहे की, माणसे मृगांना लपूनछपून, जाळ्यापाशांनी मारतातच. आणि तू तर वानर. या उत्तरातील एक गोष्ट आम्हांला विलक्षण वाटते. लपून मारणे न्याय्य ठरावयाचे, तर समोरच्याला आधी मृग ठरवावे लागते.

परप्रांती सरकारी चाकरी करणाऱ्या आम्हां मंडळींना हे दूरचे वाटू नये. पूर्वी एका विधवेला चुकून अधिक दिल्या गेलेल्या निवृत्तिवेतनाचे प्रकरण आमच्या मेजावर आले. चूक कार्यालयाची होती. 'वसुली करण्यात यावी' हे टिपण मात्र आमचे. महिन्याभराने त्या बाई आल्या व त्यांनी विचारले, "हे कोणी ठरविले?" आम्ही म्हणालो, "वरून आदेश आहे." त्या नमस्कार करून निघून गेल्या. वसुली माफ व्हावी म्हणून अर्ज करता येतो, हे आम्हांला ठाऊक होते. आम्ही सांगितले नाही. सांगितले असते, तर टिपण कोणाचे हेही निघाले असते.

'करण्यात यावी' यात कर्ता कोठेच नसतो. माणसाचा वास झाकणारा याहून दाट पाला रानातही मिळणार नाही. आणि आम्हांला तर भूकही नव्हती.

टिपणांची ती भाषा आम्हांला बदलता आलेली नाही. ती रीतीची आहे. मात्र आता कोणी विचारीत आले, तर टिपण आम्ही लिहिले असे सांगतो आणि अर्ज कोठे करावयाचा तेही सांगतो. काही जण रागावतात, चार शब्द सुनावतात. ते ऐकून घेतो. त्या बाई पुन्हा आल्या नाहीत.