कायमचा पत्ता

बँकेत खातं उघडायच्या फॉर्मवर पत्त्याचे दोन रकाने असतात. एक 'सध्याचा पत्ता' आणि दुसरा 'कायमचा पत्ता'. भिवंडीत बँकेच्या नोकरीत माझी छत्तीस वर्षं गेली, त्यातली बरीचशी काउंटरवर. यंत्रमागावर काम करणारी माणसं फॉर्म घेऊन समोर येत. सध्याच्या पत्त्यात इथल्या कुठल्या तरी कारखान्यामागची खोली, आणि कायमच्या पत्त्यात आझमगढ, मऊ, करीमनगर, वरंगळ. वीस-वीस वर्षं भिवंडीत काढलेली ही माणसं, गावी जायची ती वर्षातून महिनाभर. तरी तो दुसरा रकाना भरताना त्यांना विचार करावा लागत नसे. जिथं माणूस राहतो तो पत्ता तात्पुरता, आणि जिथं राहत नाही तो कायमचा, हे कसं काय, असा प्रश्न मला तेव्हापासून पडत आला आहे.

आपण दत्तभक्तांनी या प्रश्नाकडे जरा बारकाईनं पाहायला हवं. कारण आपल्यातले पुष्कळ जण मूळचे कृष्णाकाठचे, पंचगंगेकाठचे किंवा भीमेकाठचे. पोटासाठी मुंबई-ठाण्याकडे आलो आणि इथलेच झालो. मी कुरुंदवाडचा. पंचगंगेवरचा पूल ओलांडला की नरसोबाची वाडी. दादा आणि वहिनी अजून तिथल्या जुन्या घरात राहतात. दरवर्षी दत्तजयंतीला आम्ही जातो. कल्याणला रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस पकडायची, सकाळी मिरजेला उतरायचं, पुढे एस.टी. चार दिवस संगमावर स्नान, पादुकांचं दर्शन, संध्याकाळी पालखी, वहिनींच्या हातची भाकरी आणि वांग्याची भाजी. पाचव्या दिवशी पिशवीत पेढे आणि कवठाची बर्फी भरून परत निघायचं. निघताना प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य असतं, 'चला, आता पुन्हा रहाटगाडगं.'

या वाक्यापाशीच मला थांबावंसं वाटतं. त्यात आपण नकळत एक हिशेब मांडून टाकतो. देव तिकडे आणि संसार इकडे. तिकडचे चार दिवस खरे, इकडचे तीनशे साठ दिवस कसेबसे ढकलायचे. हा हिशेब बरोबर आहे का?

तिकडे राहणाऱ्यांना विचारलं तर उत्तर वेगळं मिळतं. एकदा घाटाच्या पायऱ्यांवर बसून मी म्हटलं, "वहिनी, तुमचं भाग्य मोठं. रोज हे पाणी बघायला मिळतं." वहिनी हसल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही येता ते नदी बघायला. आम्ही नदीची पातळी बघतो."

त्या बोलण्यात तक्रार नव्हती, पण माझ्या मनातून ते गेलं नाही. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोक्याची पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये तिथं पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. तेव्हा मी भिवंडीत टीव्हीसमोर बसून हे आकडे ऐकत होतो. दादा आणि वहिनी धान्याचे डबे, देव्हाऱ्यातले देव, घराची कागदपत्रं माळ्यावर चढवत होते, आणि शेवटी सगळं तसंच टाकून त्यांना घर सोडावं लागलं. पाणी ओसरल्यावर भिंतींवर रेघ राहिली आणि घरभर चिखल. तो चिखल काढला कुणी, तर सत्तरी गाठलेल्या दोन माणसांनी आणि शेजारच्या पोरांनी. डिसेंबरात आपण पोचतो तेव्हा अंगण सारवलेलं असतं आणि आपण म्हणतो, किती शांत वाटतं इथं! ती शांती कुणीतरी राबून राखलेली असते. बँकेच्या भाषेत सांगायचं तर भरणा एकाचा आणि पैसे काढायला दुसरा.

मग याचा अर्थ आपण गाव सोडलं हेच चुकलं का? सगळ्यांनी परत जाऊन राहायचं का? निवृत्त झाल्यावर हा प्रश्न माझ्यापुढे अगदी रोकडा उभा राहिला. दादा म्हणाला, "आता नोकरी नाही, काही नाही. ये की इकडं. मागची खोली रिकामीच आहे." यावर लगेच उत्तर देता आलं नाही. त्या वर्षी गुरुचरित्राचा सप्ताह केला, तेव्हा हाच प्रश्न डोक्यात ठेवून वाचलं.

गुरुचरित्रात श्रीनृसिंह सरस्वती महाराजांच्या पूर्वाश्रमाची कथा आपण सगळे वाचतो. कारंज्याचा नरहरी. मुंज झाल्यावर संन्यासासाठी निघाला तेव्हा आईनं आकांत केला. महाराजांनी तो आकांत झिडकारला नाही. आईला आणखी मुलं होईपर्यंत ते थांबले, जुळे भाऊ जन्मले, आईवडिलांना आधार झाला, आणि मगच ते काशीकडे निघाले. निघताना तीस वर्षांनी पुन्हा भेटेन असा शब्द दिला. तो शब्द पाळायला संन्यास घेतलेले महाराज कारंज्याला परत आले. आईवडील भेटले, बहीण रत्नाई भेटली. गाव गोळा झालं. आणि भेटून झाल्यावर ते पुन्हा निघाले.

मी कॉमर्सचा पदवीधर, शास्त्री-पंडित नव्हे. पण मला यात गृहस्थासाठी तीन गोष्टी सरळ दिसतात. निघताना देणं फेडून निघावं. शब्द दिला असेल तर परत भेटायला यावं. आणि भेट झाली की अडकून न राहता आपल्या कामाला निघावं. यात जाणं जितकं पवित्र तितकंच परतणंही पवित्र. त्यात रहाटगाडग्याचा सुस्कारा कुठेच नाही.

पुढचीही कथा अशीच. औदुंबरला एक चातुर्मास आणि वाडीला बारा वर्षं राहून महाराज गाणगापूरला निघाले, तेव्हा योगिनींनी राहण्याचा आग्रह धरला. महाराज थांबले नाहीत, पण रिकामंही ठेवलं नाही. औदुंबरातळी पादुका ठेवल्या. पादुका म्हणजे चालणाऱ्या पायांची वस्तू. एका जागी बसून राहणाऱ्याला पादुका लागत नाहीत. आपण ज्या पादुकांवर डोकं ठेवतो त्या निघालेल्या गुरूच्या आहेत, हे मनात धरलं तर त्यांच्यासमोरून उठून एस.टी. स्टँडकडे चालू लागणं तितकं वाईट वाटू नये. खुद्द दत्तात्रेयांची दिनचर्या परंपरा सांगते ती काय? भिक्षा कोल्हापूरला, निद्रा माहूरला. आपलं दैवतच रोज जाऊन परत येणारं आहे.

आणि महापुरात काय होतं, ते वाडीच्या लोकांना विचारा. पाणी चढत देवळात शिरतं, पादुकांवरून वाहून दक्षिणद्वारातून बाहेर पडतं. आपण त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतो आणि त्या पाण्यात स्नान करायला धावतो. पाणी आणखी वाढलं की उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात. नित्याची पूजाअर्चा तिथं चालू राहते. पूर ओसरला की मूर्ती पुन्हा खाली येते. जागा बदलली म्हणून उपासना थांबत नाही. मग कुरुंदवाड सुटून भिवंडी आली म्हणून आपली का थांबावी?

आमच्या कुरुंदवाडचं एक मोठं उदाहरण इथं सांगायला हवं. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर. जन्म १८७२ चा, कुरुंदवाडचा. लहानपणी वाडीच्या दत्तजयंतीच्या उत्सवात शोभेची दारू तोंडाजवळ उडाली आणि दृष्टी अधू झाली. शिक्षणाची नेहमीची वाट बंद झाली तेव्हा ते मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले. १८९६ मध्ये मिरज सोडली आणि १९०१ मध्ये थेट लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. कृष्णाकाठचं गाणं पंजाबात पाच नद्यांच्या मुलखात नेलं, सामान्य घरांतल्या मुलामुलींना शिकवलं. शेवटी १९३१ मध्ये देह ठेवला तो मिरजेत. त्यांचा कायमचा पत्ता कोणता म्हणायचा, कुरुंदवाड, लाहोर की मिरज? मला वाटतं, जिथं त्यांचं काम कुणाच्या तरी उपयोगी पडलं ती प्रत्येक जागा.

पण वाचकहो, इथं एक धोका आहे, तो लपवून चालणार नाही. गाव सोडणाऱ्याला असा युक्तिवाद फार सोयीचा पडतो. 'गुरूही निघाले, पंडितजीही निघाले, मीही निघालो' असं म्हणून हात झटकता येतात. गुरू निघाले ते आईला आधार लावून देऊन निघाले, हे वाक्य मग गळतं. म्हणून परतण्याचा अधिकार देणं फेडणाऱ्यालाच आहे असं मी मानतो. हे देणं पैशाचं असतंच असं नाही. काउंटरवर मी पाहिलेला मागवाला दर महिन्याला गावी ड्राफ्ट पाठवायचा, पण म्हाताऱ्या बापाला दवाखान्यात नेणारा भाऊ गावात असायचा. पैसा पोचतो, पण रात्री उठून पाणी कुठवर आलं ते बघायला पैसा जात नाही, माणूस लागतो.

वर्षभर विचार करून मी दादाला उत्तर दिलं. म्हटलं, "दादा, कायमचा नाही येणार. पण दत्तजयंतीसारखाच दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये महिनाभर येणार."

दादा म्हणाला, "पावसाळ्यात लोक इथनं बाहेर पडतात. तू येणार होय?"

"म्हणूनच येणार."

आता दोन वर्षं तसं करतो. आषाढात जातो, सामान माळ्यावर चढवायला हात लावतो, दादाची औषधं महिनाभराची भरून ठेवतो, वहिनींना आठ-पंधरा दिवस लेकीकडे जाता यावं म्हणून घर सांभाळतो. पहाटे बॅटरी घेऊन घाटाची कुठली पायरी बुडाली ते मीही बघून येतो. या महिन्यात दर्शन फार होत नाही. पण वाडीची भक्ती म्हणजे काय ते दत्तजयंतीच्या गर्दीत उमगलं नव्हतं, तेवढं या चिखलात उमगलं.

उरलेले दहा-अकरा महिने भिवंडीतच. इथं पत्नी आहे, मुलगा-सून आहेत, नातू आहे. मागांची खडखड आहे, गोदामांकडे जाणारे ट्रक आहेत. नोव्हेंबर आला की गल्लीतल्या आजी-आजोबांचे हयातीचे दाखले असतात, कुणा विधवेचा नवऱ्याच्या खात्याचा वारसा अर्ज असतो. ही कामं मला येतात, कुरुंदवाडला बसून ती झाली नसती. आणि नदी म्हणाल तर इथंही आहे. कामवारी. लोक तिला नाला म्हणतात, तशी ती करून ठेवली आहे आपणच. २६ जुलै २००५ च्या पावसात तिनं वस्त्यांत शिरून आपण नदी असल्याची आठवण दिली होती. कृष्णेला हात जोडणाऱ्या माणसानं कामवारीत निर्माल्याची पिशवी टाकू नये, इतकं तरी कृष्णेनं शिकवलेलं इथं उतरायला हवं.

आमची आई बादलीतल्या पाण्यानं आंघोळ घालताना सात नद्यांची नावं घ्यायची. गंगेपासून कावेरीपर्यंत. त्या सातांत कृष्णा नाही. आई आठवं नाव आपलं आपण जोडायची, 'कृष्णामाई'. नळाच्या पाण्यात नदी आणायची ही युक्ती आपल्या बायाबापड्यांना कधीपासून ठाऊक आहे. क्षेत्री जायचं ते तिथलं पाणी डोळे भरून पाहायला, आणि परतायचं ते आपल्या बादलीतही तेच पाणी ओळखायला. हे जमलं तर परतीचा प्रवास शिक्षा राहत नाही.

यंदाच्या मार्गशीर्ष पौर्णिमेला आपल्यापैकी पुष्कळ जण वाडीला, औदुंबरला, गाणगापूरला जातील. काहींचं तिथं घर असेल, घरात भाऊ-भावजय, काका-काकू, एखादी एकटी आत्या असेल. दर्शन झालं, पालखी झाली, प्रसादाच्या पिशव्या भरल्या की निघण्यापूर्वी अर्धा तास त्यांच्याजवळ बसावं. आणि 'काय शांत वाटतं इथं' असं म्हणण्याऐवजी विचारावं, यंदा पाणी कुठवर आलं होतं? मग ते जे सांगतील ते पूर्ण ऐकून घ्यावं. पुढचं काय करायचं ते ऐकणाऱ्याला कळेल.