पोटापाण्याच्या धावपळीत पोटाचा हक्क

मराठीत उपजीविकेला ‘पोटापाण्याचा उद्योग’ म्हणतात. हा शब्द मोठा प्रामाणिक आहे. मनुष्य घराबाहेर पडतो तो पोटासाठी, हे त्यात लपविलेले नाही. परंतु हाती भरपूर काम असलेल्या एखाद्याला जेवणाविषयी विचारावे, तर ‘जेवायलाही फुरसत मिळत नाही’ असे उत्तर येते आणि त्या उत्तरात तक्रारीपेक्षा अभिमानच अधिक असतो. ज्यासाठी उद्योग आरंभिला तेच उद्योगापायी सुटले, याची खंत सहसा कोणास वाटत नाही. डॉक्टर याला आरोग्याचा प्रश्न म्हणतील. श्रद्धावंताने मात्र त्याच्याही आधी हे विचारले पाहिजे की, हे शरीर उपाशी ठेवण्याचा किंवा अपथ्याने झिजविण्याचा अधिकार आपल्याला दिला कोणी?

आपल्या छत्रपती संभाजीनगरची (औरंगाबादची) दिनचर्या बऱ्याच अंशी कारखान्यांच्या पाळ्यांवर चालते. चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा येथे पहिल्या पाळीचा कामगार पहाटे घर सोडतो, तिसऱ्या पाळीचा उजाडल्यावर परततो. मागणी वाढली की ओव्हरटाईम येतो. शहागंज आणि सिटी चौकातील दुकानदाराला ईदपूर्वीचे दिवस, तर हिशेबनिसाला मार्चअखेर. काम निराळे, पण जेवणाची कहाणी एकच. सकाळी चहात बुडविलेली खारी, दुपारी उभ्याउभ्या वडापाव किंवा समोसा, सायंकाळी पुन्हा चहा, आणि रात्री अकरा वाजता दिवसभराची भूक एकदम भागविणारे जड जेवण व लगेच झोप. काही वर्षे असे चालले की मधुमेहाची आणि रक्तदाबाची गोळी जेवणाच्या आधी आठवू लागते.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत सलमान फारसी (रजि.) आणि हजरत अबू दरदा (रजि.) यांच्यात बंधुत्वाचे नाते जोडले होते. सलमान (रजि.) आपल्या या भावाच्या घरी गेले, तेव्हा अबू दरदा (रजि.) यांच्या पत्नी त्यांना उदास वेषात दिसल्या. तुमच्या भावाला या जगातील कशाचीच गरज उरलेली नाही, असे त्या म्हणाल्या. जेवण आले. यजमानांनी स्वतः उपवास असल्याचे सांगून पाहुण्याला जेवण्याचा आग्रह केला. तुम्ही खाल्ल्याशिवाय मी खाणार नाही, असे सलमान (रजि.) यांनी बजावले आणि त्यांना आपल्यासोबत जेवू घातले. रात्री ते नमाजसाठी उठू लागले तेव्हा त्यांना झोपविले आणि रात्रीच्या अखेरच्या प्रहरी दोघांनी मिळून नमाज अदा केली. मग त्यांनी समजावले की तुमच्या पालनकर्त्याचा तुमच्यावर हक्क आहे, तुमच्या स्वतःचा आहे आणि तुमच्या कुटुंबाचाही आहे. ज्याचा त्याला हक्क द्या. ही हकिकत प्रेषितांच्या (स.) कानी गेली, तेव्हा सलमान (रजि.) यांचे म्हणणे खरे असल्याचे त्यांनी सांगितले. बुखारीत ही हदीस आली आहे.

येथे शरीराचा हक्क कोणाविरुद्ध मांडला गेला ते पाहा. अबू दरदा (रजि.) आळशी नव्हते, ऐषआरामी तर नव्हतेच. त्यांनी शरीराला बाजूला सारले होते ते उपासनेसाठी, आणि तरीही त्यांना थांबविण्यात आले. इबादतीसाठी जे मान्य झाले नाही, ते महिन्याच्या उत्पादनाचा आकडा गाठण्यासाठी मान्य होईल काय?

याहून स्पष्ट मार्गदर्शन नमाजच्या संदर्भात मिळते. जेवण समोर मांडले गेले आणि तेवढ्यात नमाजची हाक आली, तर आधी जेवण उरकावे, घाई करू नये, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. हजरत इब्ने उमर (रजि.) यांच्याविषयी नमूद आहे की इमामांचे पठण कानावर येत असे, तरी समोरचे जेवण संपवूनच ते उठत. यामागील कारण विद्वानांनी सांगितले आहे: नमाजमध्ये मन अन्नाकडे धावू नये. अल्लाहच्या दरबारातील हजेरीसाठी ज्या अन्नाला एवढी सवड दिली, त्याला आपण फाईल संपेपर्यंत, ट्रक भरेपर्यंत, साहेबांचा फोन होईपर्यंत ताटकळत ठेवतो.

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो हलका नाही. आपण रोजे ठेवणारे लोक आहोत. भूक सहन करणे हा आपल्या प्रशिक्षणाचाच भाग आहे. सहाबांनी भूक सोसली, पोटाला दगड बांधले. मग कामापायी दोन वेळचे जेवण चुकले तर त्याचा एवढा बाऊ कशाला?

रोजाची भूक आणि कामाच्या रेट्याची भूक यांत मोठे अंतर आहे. रोजाला आरंभ आहे आणि अंत आहे. सहरीत बरकत असल्याचे सांगून ती खाण्याची प्रेरणा दिली गेली. सूर्यास्त होताच इफ्तारला विलंब न करण्याची शिकवण दिली गेली. इफ्तार न करता सलग रोजे जोडण्यास मनाई झाली. म्हणजे भुकेवर घड्याळ बसविले गेले आणि ते घड्याळ मालकाच्या हाती दिले गेले नाही. कामाच्या भुकेला असा सूर्यास्त नसतो. २०२५ साली रमजान २ मार्चला सुरू झाला आणि ईद नेमकी ३१ मार्चला आली. हिशेबाच्या कामात असलेल्यांनी तो महिना मार्चअखेरच्या धांदलीतच काढला. अशा वेळी सहरी टाळून झोप घेणे आणि इफ्तार खजूर-पाण्यावर उरकून पुन्हा टेबलाशी बसणे यात संयम दिसतो खरा, पण त्या भुकेचे मोजमाप आता शरीअतऐवजी कचेरी करीत असते.

सहाबांच्या भुकेचे उदाहरण तर पूर्ण पाहिले पाहिजे. हिजरी सन ५ मध्ये मदीनेभोवती खंदक खोदला जात होता. शत्रू चालून येत होता. याहून निकडीचे काम कोणते असणार? तेथील भूक टंचाईची होती, कोणी मिरविण्यासाठी पत्करलेली नव्हती, आणि नेतृत्व करणारे स्वतः त्या भुकेत सहभागी होते. हजरत जाबिर (रजि.) यांनी प्रेषितांच्या (स.) चेहऱ्यावर भूक पाहिली. ते घरी आले. एक साअ सातू आणि एक लहान बकरी एवढेच घरात होते. पत्नीने सातू दळले आणि थोडक्याच लोकांना बोलवा, मला लाजवू नका, असे सांगितले. जाबिर (रजि.) यांनी हळूच आमंत्रण दिले. प्रेषितांनी (स.) मात्र खंदकावरील सर्वांना मोठ्याने हाक घातली आणि त्या अन्नात अल्लाहने अशी बरकत दिली की सुमारे एक हजार माणसे जेवली. ऐन निकडीच्या कामात कुदळी बाजूला ठेवून सर्वांचे जेवण झाले, हेही त्या चमत्काराइतकेच ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

काय खावे, याविषयी कुरआनने ‘हलाल’ या शब्दासोबत ‘तय्यब’ हा शब्द ठेवला आहे. पहिल्याची चौकशी आपण कसोशीने करतो. दुसऱ्याची, म्हणजे ते अन्न शुद्ध, उत्तम आणि हितकर आहे काय याची, क्वचितच करतो. हलाल मांसाचा समोसा दहादा तळलेल्या तेलातून निघाला असेल, तर अर्धीच चौकशी झाली. आपल्या शहराचा नान-खलिया मोठा चविष्ट. त्याची परंपरा मुहम्मद तुघलकाच्या दौलताबादकडे आलेल्या फौजेशी जोडली जाते. मजल-दरमजल करणाऱ्या शिपायाला ते अन्न पचत असेल. खुर्चीवर बारा तास बसणाऱ्याने ते रात्री अकराला खावे, हा त्या पाककलेचाही अन्याय आहे! ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, एखादी पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी आणि ताक हे मराठवाड्याचे जेवण डब्यात मावते, हातात धरून खाता येते आणि खिशालाही परवडते. पोटाचा एक भाग अन्नासाठी, एक पाण्यासाठी आणि एक श्वासासाठी ही प्रेषितांची (स.) शिकवण सर्वांना पाठ आहे, पण दिवसभर उपाशी राहिलेल्या माणसाला रात्री ती पाळणे जवळजवळ अशक्य होते. तिचे पालन दुपारच्या डब्यापासून सुरू होते.

आणि डबा म्हटला की तो बांधणारीचा विचार आलाच. पहिल्या पाळीचा डबा पहाटे चारला उठून कोणीतरी करते. ती स्वतः केव्हा जेवते? बहुधा सर्वांच्या शेवटी, उरलेले, उभ्यानेच. नोकर अन्न शिजवून आणील तर त्याला सोबत बसवावे, निदान घास-दोन घास त्याला द्यावेत, कारण धूर आणि आच त्याने सोसली आहे, असे प्रेषितांनी (स.) सांगितले. जेथे नोकराचा एवढा विचार, तेथे पत्नीचा, मातेचा किती व्हावा! डबा न उघडता परत आणणाऱ्याने तिची पहाटही वाया घालविली, हे त्याच्या हिशेबात कोठेच नोंदले जात नाही.

इमाम गजाली (मृत्यू ११११) यांनी ‘इह्या’मध्ये दैनंदिन व्यवहारांचा भाग आरंभिला तो जेवणाच्या शिष्टाचारांनी, त्यानंतर विवाह आणि मग उपजीविका. आपण हा क्रम उलटा केला आहे.

आता कठीण बाब. कचेरीतील माणूस ठरवील तर अर्धा तास काढू शकतो. ज्याची मजुरी नगावर आहे, किंवा जो दुचाकीवर इतरांची जेवणे पोहोचवितो, त्याचा अर्धा तास म्हणजे थेट रुपये. शरीर ही अमानत आहे असे त्याला सुनावणे सोपे आहे. त्याच्या मुलांची फी त्याने भरत नाही. कुटुंबासाठी एखादा दिवस भूक मारणाऱ्या या माणसाला मी दोषी ठरवू शकत नाही. येथे जबाबदारी वळते ती काम घेणाऱ्याकडे. हाताखालचे लोक तुमचे बंधू आहेत, तुम्ही खाता ते त्यांना खाऊ घाला, शक्तीपलीकडचे काम लादू नका आणि लादलेच तर हातभार लावा, ही शिकवण हजरत अबू जर (रजि.) यांच्यामार्फत आपल्यापर्यंत आली आहे. भारतात १९४८ च्या कारखाना कायद्याने सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती आणि अडीचशेहून अधिक कामगार असतील तेथे उपाहारगृह ठरविले होते. मात्र दुकाने, वर्कशॉप, शिलाईची खोली अशी आपल्या बांधवांची कितीतरी ठिकाणे त्या कायद्याच्या कक्षेत येत नव्हती. तेथे चार कारागीर असतात आणि एक मालक, जो जुहरला सर्वांना मशिदीत घेऊन जातो. परतल्यावर दस्तरखान अंथरायचा की मशीन सुरू करायचे, हे त्याच्याच हाती असते.