तो काय मालकाला सांगणार आहे?

परक्याच्या घराची राखण करणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. शेजारी गावाला गेले की त्यांच्या घराची किल्ली आपल्याकडे असते, कुंड्यांना पाणी आपण घालतो, कोंबड्यांना दाणे टाकतो. अलीकडे मात्र या जुन्या शेजारधर्माला एक नवे रूप आले आहे. घरमालक महिना-दोन महिने परदेशी मुलांकडे जातात आणि तेवढ्या काळात ओळखीचे एखादे निवृत्त जोडपे त्यांच्या घरी जाऊन राहते. भाडे घ्यायचे नाही, पगार द्यायचा नाही. राहायला घर मिळते आणि बदल्यात घरातल्या कुत्र्या-मांजरांचे करायचे. इंग्रजीत अशा माणसांना 'हाऊस सिटर' म्हणतात. मराठीत अजून धड शब्द नाही. राखणदार म्हणावे तर तो पगारी असतो, पाहुणा म्हणावे तर पाहुण्याच्या हाती कोणी झाडू देत नाही! आम्ही दोघे गेली काही वर्षे हे काम करीत हिंडत असतो आणि त्यातले बरेच दिवस अलिबाग तालुक्यातल्या नागावात जातात.

नागाव हे अलिबागहून रेवदंड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आक्षी आणि चौल यांच्या मध्ये. नारळी-पोफळीच्या वाड्या, वाड्यांतून समुद्राकडे जाणाऱ्या अरुंद वाटा आणि किनाऱ्याला सुरूची झाडे. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्यांनी गाव भरून जाते, सोमवारी रिकामे होते. वाड्यांमध्ये आता शहरवाल्यांचे बंगलेही पुष्कळ झाले आहेत आणि अनेक फाटकांच्या आड एखादा कुत्रा असतो. काही मोकळे, काही साखळीला. आम्ही ज्याला फिरवतो त्याला मालकांनी ठेवलेले इंग्रजी नाव आहे, पण गावात सगळे त्याला 'काळ्या' म्हणतात. तो दोन्ही नावांना ओ देतो.

काळ्याला रोज दोनदा बाहेर न्यायचे, एवढेच खरे तर मुख्य काम. जुलैतल्या एका सकाळी पाऊस कोसळत असताना छत्री आणि पट्टा घेऊन निघालो, तेव्हा शेजारच्या वाडीतले एक गृहस्थ ओसरीवरून म्हणाले, "काका, काकू, एवढ्या पावसात कशाला निघालात? तो काय मालकाला सांगणार हाय?"

नाही, तो सांगणार नाही. आणि आम्हांला वाटते, सगळा प्रश्न तिथेच आहे. मालक सातासमुद्रापलीकडे. शेजारी स्वतःच सूट देऊन बसले आहेत. ज्याचे नुकसान होणार तो मुका. मग हे कर्तव्य आहे तरी कोणाप्रति?

सरळ उत्तर असे की आम्ही मालकांना शब्द दिला आहे आणि दिलेला शब्द पाळायचा असतो. पण हे उत्तर फार लांब नेत नाही. मालकच फोनवर म्हणाले, "पाऊस असेल तर राहू द्या, अंगणात सोडा म्हणजे झाले," की शब्द सुटला. त्यांनी सोडवले, आम्ही सुटलो. तरी तो प्राणी फाटकापाशी उभाच असतो! त्याचे आमच्याकडे काही देणे लागते की नाही?

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात या प्रश्नाचा विचार केला होता. जनावरांवर क्रूर होऊ नये याची त्यांनी दिलेली कारणे दोन. क्रौर्याची सवय लागली की ती पुढे माणसांवर उलटते हे एक, आणि जनावराला इजा झाली तर त्याच्या मालकाचे नुकसान होते हे दुसरे. म्हणजे दोन्हीकडून विचार माणसाचाच. जनावर मध्ये केवळ निमित्त. हे वाचून आम्ही थोडे थांबलो, कारण पावसातला काळ्या या दोन्ही कारणांत बसत नाही. एक फेरी चुकवल्याने आम्ही काही क्रूर होणार नव्हतो आणि मालकांचे पै-पैशाचेही नुकसान होणार नव्हते.

ख्रिस्तसभेच्या १९९२ च्या धर्मशिकवणीत मात्र एक वेगळा शब्द आला आहे. तिच्या २४१६ व्या परिच्छेदात म्हटले आहे की प्राणी ही देवाची निर्मिती असून ते नुसत्या असण्यानेच त्याचा गौरव करतात, म्हणून माणूस त्यांना दयाळूपणाचे देणे लागतो. देणे लागतो! दया ही आपल्या मर्जीची गोष्ट असते, देणे नसते. आणि जे देणे प्राण्याचे आहे, ते मालकाने माफ करून कसे चालेल? उधारी ज्याची, माफी त्यानेच करायची.

गंमत म्हणजे आपल्या देशाचा कायदाही या बाबतीत तितकाच नेमका आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा अधिनियम आहे. मारणे, उपाशी ठेवणे हे गुन्हे तर त्याच्या ११ व्या कलमात आहेतच. पण नेहमी साखळीला बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरवण्याची हयगय मालकाने केली, तर तोही गुन्हाच, असे त्यातले एक पोटकलम सांगते. किती जणांना हे ठाऊक असेल? पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. अलिबागहून नागावला स्वतंत्र रिक्षा केली तर याहून जास्त पडतात! परदेशात लोक याबाबत अधिक कडक आहेत. इटलीतील तुरिन शहराने २००५ मध्ये कुत्र्याला दिवसातून तीनदा न फिरवणाऱ्यांवर दंडाचा नियम केला, तर जर्मनीत दिवसातून किमान दोनदा, मिळून तासभर, बाहेर नेण्याचा नियम मसुद्यात होता, २०२२ पासून लागू झालेल्या नियमात मात्र पुरेसे बाहेर फिरवणे एवढेच बंधन उरले. आपले पोटकलम मालकाला उद्देशून आहे, त्यामुळे आमच्यासारखे मधलेच त्यातून निसटतात. ते राहो.

एवढे फेरीत असते तरी काय, असे कोणी विचारील. माणसाला ती पाय मोकळे करण्याची गोष्ट वाटते. कुत्र्याला पाय मोकळे करायला अंगण पुरते, नाकाला पुरत नाही. अंगणातला वास कालचाच असतो. वाटेवर मात्र रात्री कोण गेले, कुठली मांजर कुंपणावरून उतरली, मासळीची टोपली कुठे टेकली, हे सगळे त्याला वाचायचे असते. सुरुवातीला आम्ही त्याला ओढत नेत असू, जणू व्यायाम संपवायचा आहे. आता तो थांबला की थांबतो. दिवसाच्या बाकी साऱ्या वेळी काय खायचे, कुठे बसायचे, कधी भुंकायचे नाही हे माणसे ठरवतात. ही पाऊण तासाची फेरीच काय ती त्याच्या मनाने चालते.

नागावच्या किनाऱ्यावर या कामाचे स्वतःचे शास्त्र आहे. ओहोटीला वाळू घट्ट असते, भरतीला चालायला जागाच राहत नाही. आणि भरती-ओहोटीची वेळ रोज पाऊण-एक तास पुढे सरकते, काळ्याचे घड्याळ मात्र सरकत नाही. उन्हाळ्यात दहानंतर वाळू पंजे भाजते. पावसाळ्यात समुद्र डांबराचे काळे गोळे किनाऱ्यावर आणून टाकतो, ते पंजांना चिकटतात आणि खोबरेल तेलानेच सुटतात. रविवारी किनारा घोडागाड्यांनी आणि गर्दीने गजबजतो, तेव्हा वाडीच्या वाटेने जावे लागते. वाडीच्या प्रत्येक वळणावर गावकुत्र्यांची हद्द असते आणि तिथे पट्टा जवळ धरून, नजर न भिडवता पुढे व्हावे लागते. रविवारी कोर्लईला माउंट कार्मेल मातेच्या चर्चमध्ये मिस्साला जायचे तर हे सगळे आणखी लवकर उरकायचे. कोर्लईची ती पोर्तुगीज वळणाची बोली कानावर पडावी म्हणूनही आम्ही ती खाडीपलीकडची वाट आवडीने धरतो.

आता एक अवघड जागा. संत योहानाच्या शुभवर्तमानात, दहाव्या अध्यायात, मोलकरी मेंढपाळ लांडगा दिसताच पळून जातो, कारण मेंढरे त्याची स्वतःची नसतात. हे वाचताना आमच्यासारख्यांना जरा चुळबुळायला होते. काळ्या आमचा नाही. राहायला घर मिळते म्हणून आम्ही त्याला सांभाळतो. मग आम्ही मोलकरीच नव्हे काय? पण त्याच बायबलात तोबीतचे पुस्तक आहे. तरुण तोबिया दूरच्या प्रवासाला निघतो, तेव्हा बाप त्याच्यासाठी एक सोबती ठरवतो, तोही रोजच्या एका द्राख्माच्या मजुरीवर. तो मजूर म्हणजे राफाएल देवदूत! आणि त्या दोघांबरोबर एक कुत्रा चालत जातो. साऱ्या पुस्तकात त्याचा उल्लेख जेमतेम दोनदा, जाताना आणि येताना. तो काही करीत नाही, नुसता बरोबर असतो. परतल्यावर बापलेक मजुरीपेक्षा कितीतरी जास्त, आणलेल्या धनाचा अर्धा वाटा देऊ करतात, पण राफाएल तो घेत नाही. म्हणजे दोष मजुरी घेण्यात नाही, लांडगा आल्यावर पळण्यात आहे.

नागावात तर लांडगा येऊन गेला आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळच किनाऱ्याला धडकले, वाड्यांतली नारळी-पोफळी आडवी झाली, घरांचे पत्रे उडाले. टाळेबंदीचे दिवस होते, बहुतेक बंगल्यांचे मालक शहरात अडकलेले. आम्ही तेव्हा इथे नव्हतो. बंगल्यांचा आणि त्यांतल्या जनावरांचा भार होता तो पगारी राखणदारांवर, ज्यांची स्वतःची छपरे त्याच वाऱ्यात होती. दोन-तीन आठवड्यांसाठी येणाऱ्या आमच्यासारख्यांनी मेंढपाळपणाच्या गोष्टी सांगताना हे लक्षात ठेवलेले बरे.

आणि दुसरी बाजूही आहे, ती टाळून चालणार नाही. आपल्या धर्मग्रामातल्याच एका आजींनी आम्हांला विचारले होते, "कुत्र्याला रोज दोनदा फिरवता म्हणे. मला गेल्या नाताळापासून कोणी अंगणाबाहेर नेले नाही." यावर काय बोलणार? तीच धर्मशिकवण दोन परिच्छेद पुढे, २४१८ मध्ये बजावते की माणसाच्या दुःखनिवारणासाठी आधी खर्च व्हायला हवा तो पैसा जनावरांवर उधळू नये, आणि केवळ माणसाला द्यायची माया जनावराला देऊ नये. पोप फ्रान्सिस यांनीही जानेवारी २०२२ मध्ये, मुले नको म्हणून कुत्री-मांजरी पाळणाऱ्या जोडप्यांविषयी कठोर शब्द वापरले होते, तेव्हा बरीच चर्चा झाली. आम्हांला ते शब्द सरसकट लागू वाटत नाहीत. मुले दूर गेलेल्या कितीतरी घरांत आज कुत्रा हाच दिवसभरातला एकमेव बोलका सोबती आहे. तसेच, कुत्र्याची फेरी बंद केल्याने आजींची फेरी सुरू होते असेही नाही. जो पावसात कुत्र्यासाठी उठत नाही, तो सहसा आजींसाठीही उठत नाही. पण आजींचा प्रश्न यामुळे मिटत नाही. श्रीमंताच्या दारी पडलेल्या लाजराची जखम कुत्री चाटीत होती, असे संत लूक सांगतो. कुत्री फाटकापर्यंत आली, घरधनी आला नाही. आता आम्ही गावी असलो की बुधवारी संध्याकाळी आजींना हात धरून चर्चच्या आवारात आणतो. त्याही दर दहा पावलांवर थांबतात, आणि आम्हीही थांबतो.

राहता राहिला निरोपाचा प्रश्न. तीन आठवड्यांत जनावराला लळा लावायचा आणि मग पिशवी उचलून चालू पडायचे, हे कितपत बरे? त्याला तारखा कळत नाहीत. आम्ही कोणत्या दिवशी जाणार हे त्याला सांगता येत नाही. यावर आमच्या दोघांत अजूनही एकमत नाही. एकाचे म्हणणे, थोडे अंतर ठेवूनच वागावे. दुसऱ्याचे म्हणणे, अंतर ठेवून केलेली सोबत त्याला लगेच कळते, कुत्र्याला फसवणे कठीण.

करता येण्याजोगे एक आम्ही करतो. निघण्यापूर्वी स्वयंपाकघरातल्या वहीत पुढच्या माणसासाठी लिहून ठेवतो. ओहोटी असेल तर किनाऱ्याने, भरती असेल तर वाडीच्या वाटेने. विहिरीपाशी दोन तांबडी कुत्री असतात, तिथे पट्टा आखूड धरावा. वीज कडाडली की तो पलंगाखाली जातो, त्याला बाहेर ओढू नये. पाऊस असला तरी फाटकापर्यंत न्यावे, मग जायचे की नाही ते तो सांगतो.