टाके सुकल्यानंतर

सारोळ्यातल्या आमच्या नात्यातल्या एका मुलीला कावीळ यायची आणि जायची. पोट दुखायचं, डोळे पिवळे व्हायचे. काविळीची माळ घातली की काही दिवसांत उतार पडायचा आणि श्रेय माळेला मिळायचं. पित्तनलिकेला जन्मतः फुगवटा असला की असंच होतं. पित्त तुंबतं, मग आपोआप वाट काढतं. पुण्याला सोनोग्राफी आणि एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) झाल्यावर खरं दुखणं कळलं. मुलींमध्ये ते मुलांपेक्षा तीन-चार पट जास्त आढळतं.

रोबोटिक ऑपरेशनचं बोलणं निघालं तेव्हा आईनं आधी विचारलं, "पोटावर व्रण दिसंल का ओ?" मला तो प्रश्न क्षुल्लक वाटत नाही. साडी नेसणाऱ्या बाईचा पोटावरचा लांब व्रण चारचौघांना दिसतो आणि लग्न ठरवताना त्याची चौकशी होते. पण निर्णय तेवढ्यावर घेऊ नये; आतलं काम कसं होतं तेही पाहावं.

पूर्वी हा फुगवटा तसाच ठेवून आतड्याला जोडत. कावीळ उतरे, रोगी बरा होऊन घरी जाई. काही वर्षांनी कुणाला खडे होत, कुणाला वरचेवर थंडीताप येई, आणि काहींना त्या मागे राहिलेल्या भिंतीतच कर्करोग होई. म्हणून आता फुगवटा पित्ताशयासकट काढतात आणि लहान आतड्याचा भाग यकृताकडच्या नलिकेला जोडतात. सगळी मदार या जोडावर. लहान मुलांत ही नलिका काही मिलिमीटरचीच असते. दुर्बिणीच्या ऑपरेशनातल्या सरळ हत्यारांनी तिथं टाके घालणं फार अवघड. रोबोटची हत्यारं मनगटासारखी वळतात, त्यामुळं सर्जनचा हात तिथवर नीट पोचतो.

लहान मुलावर हे ऑपरेशन रोबोटनं केल्याची पहिली नोंद 2006 मधली. पोट उघडून केलेल्या ऑपरेशनपेक्षा यात रक्त कमी जातं, घरी लवकर सोडतात. वेळ आणि खर्च मात्र जास्त. पित्त गळणं, जोड अरुंद होणं यांत ठळक फरक अजून सिद्ध झालेला नाही. जोड वीस-तीस वर्षांनीही अरुंद होऊ शकतो आणि रोबोटचा सगळा अनुभवच जेमतेम तेवढा आहे.

त्यामुळं रोबोट परवडला नाही म्हणून कुठल्या आईनं मनाला लावून घेऊ नये, असं मला कळकळीनं वाटतं. फुगवटा पूर्ण काढणारा अनुभवी सर्जन मिळाला, तर पोट उघडूनही हे काम उत्तम होतं. जपायची आहे ती नंतरची तपासणी, दुखत नसतानाही. आणि लग्न झालं की ऑपरेशनची फाईल मुलीबरोबर सासरी गेली पाहिजे. थंडी वाजून ताप आला, तर तिथल्या डॉक्टरला जोडाची शंका आधी यायला हवी.